शिकारीची मोटार आणि शेताचा बांध

मोटारगाडीवर या मासिकांत लेख यावा याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. येथें खतें, बियाणें, उंसाचा भाव आणि विहिरींचें पाणी यांची चर्चा व्हावयाची; कोट्यवधि रुपयांच्या विलासी मोटारींशीं शेतकऱ्याचा संबंध काय, असें कोणीही विचारील. आमच्या मतें हा संबंध दुहेरी आहे. जगांत नांवाजलेल्या अशा दोन विलासी मोटारींच्या मुळाशीं ट्रॅक्टरचा पैसा आहे, हा एक. आणि असल्या मोटारी घेऊन जे लोक शिकारीस, मासे धरावयास किंवा नुसती रानची हवा खावयास निघतात, त्यांच्या गाडीचें चाक शेवटीं कोणाच्या ना कोणाच्या शेतांतच रुततें, हा दुसरा. पहिली गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नाहीं. दुसरी ठाऊक आहे, पण तिच्याविषयीं बोलावयास कोणी धजत नाहीं; कारण गाडीवाला बहुधा पाहुणा असतो.

इंग्लंडांत जिला ‘ग्रँड टूरर’ म्हणतात ती गाडी शर्यतीची नव्हे आणि घरगुतीही नव्हे. दोन-चार माणसें व त्यांच्या पेट्या घेऊन शेंकडों मैलांचा पल्ला वेगानें, पण शरीरास न शिणवितां गांठावा, एवढ्यासाठींच ती केलेली असते. ती बसकी, पुढें लांबट, आंत कातड्याच्या बैठका असलेली. शिकारीच्या कामास अशी गाडी जात्याच अडचणीची. शिकारीस जाणारांसाठीं तेथें पूर्वीं घोड्यांची निराळी गाडी असे. तिला ‘शूटिंग ब्रेक’ म्हणत. ब्रेक म्हणजे मूळचा, तरुण घोड्यांस गाडीची संवय लावण्यासाठीं जोडावयाचा नुसता सांगाडा. त्यावर पुढें बैठका बसवून बंदुका, कुत्रे, शिकारी आणि मारलेले पक्षी वाहून नेऊं लागले. आपल्याकडे शाहू महाराजांच्या आठवणींत ज्या खडखड्याचें नांव येतें तो याच जातीचा. मोटारी आल्यावर तेंच नांव पाठीमागें मोकळी जागा असलेल्या, मागच्या बाजूनें उघडणाऱ्या मोटारीस लागलें.

आतां ट्रॅक्टरची गोष्ट. यॉर्कशायरमधील हडर्सफील्ड गांवीं डेव्हिड ब्राऊन नांवाचा कारखानदार होऊन गेला (१९०४–१९९३). त्याच्या आजानें १८६० सालीं काढलेला दातेरी चाकांचा कारखाना त्याच्याकडे वारशानें आला. १९३६ सालीं त्यानें हॅरी फर्ग्युसन याच्याबरोबर ट्रॅक्टर करावयास आरंभ केला. फर्ग्युसन म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागें तीन सांध्यांनीं औत जोडून तें पाण्याच्या पंपासारख्या तेलाच्या दाबानें उचलण्याची युक्ति ज्याच्या नांवावर आहे तोच. आज आपल्या गांवांतील प्रत्येक ट्रॅक्टरमागें जी उचल आहे ती त्याचीच देणगी. दोघांचें फार दिवस पटलें नाहीं. १९३९ सालीं ब्राऊननें आपला स्वतंत्र ट्रॅक्टर बाहेर काढला. युद्धकाळांत विमानें ओढण्यासाठींही त्याचे ट्रॅक्टर लागले. धंदा भरभराटीस आला. मग १९४६ च्या अखेरीस ‘टाइम्स’ पत्रांत एक मोटारीचा कारखाना विकावयाचा असल्याची जाहिरात आली. तींत कारखान्याचें नांवही नव्हतें. तो अ‍ॅस्टन मार्टिनचा निघाला. ब्राऊननें तो १९४७ सालीं २०,५०० पौंडांस घेतला. त्या गाड्यांवर जीं ‘डीबी’ अक्षरें असतात तीं त्याच्याच नांवाचीं आद्याक्षरें होत.

१९६३ सालीं निघालेली डीबी-५ ही गाडी सिनेमामुळें जगभर झाली. चार लिटरचें सहा नळ्यांचें इंजिन, २८२ घोड्यांची शक्ति. अशी गाडी स्वतः मालकास अपुरी पडली, याची हकीकत मोठी गमतीची आहे. ब्राऊनला पोलोचा व शिकारीचा षोक होता. काठ्या, खोगीर, बंदुका गाडींत मावेनात, आणि त्याचा कुत्रा कातड्याच्या बैठका खराब करी. असें सांगतात कीं, एके दिवशीं त्यानें कुत्र्यास कारखान्यांतील बैठकींत टेबलापर्यंत आणून सोडलें आणि याला बसावयास जागा करा म्हणून हुकूम फर्माविला. छप्पर मागपर्यंत ओढून, मागें दार करून एक गाडी तयार झाली. ती पाहून गिऱ्हाइकेंही मागूं लागलीं. पण कारखान्यास वेळ नव्हता, म्हणून हॅरोल्ड रॅडफर्ड या गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्याकडे काम सोंपविलें. त्यानें अवघ्या डझनभर गाड्या केल्या.

या गाडीविषयीं आमच्या मनांत मत्सर नाहीं. उलट थोडें कौतुकच आहे. नडीतून निघालेली ती वस्तु होय. कुत्रा आहे, खोगीर आहे, रस्ता लांबचा आहे, म्हणून गाडीस पाठ काढली. आपणही बैलगाडीस उंसासाठीं निराळ्या आणि कडब्यासाठीं निराळ्या साट्या चढवितोंच. त्याहून अधिक महत्त्वाचें हें कीं, आधीं दातेरी चाकें, मग ट्रॅक्टर, मग मोटार, आणि सर्वांत शेवटीं कुत्र्याची जागा, असा त्या पैशाचा क्रम होता. मोटारीचा धंदा त्यास कधीं फारसा लाभला नाहीं. ट्रॅक्टर व दातेरी चाकें यांनीं तो बरींच वर्षें पोसला. आणि १९७२ सालीं ट्रॅक्टरचा धंदा अडचणींत येऊन विकावा लागला, तेव्हां त्याच सालीं मोटारीचा कारखानाही हातचा गेला. मूळ वाळलें तेव्हां फांदी हिरवी राहिली नाहीं.

इटलींतील फेरुच्चो लाम्बोर्गिनी याची कथाही याच वळणाची. शेतकऱ्याचा मुलगा, युद्धानंतर पडून असलेल्या लष्करी गाड्यांच्या भागांपासून त्यानें ट्रॅक्टर जुळविले, १९४८ सालीं त्यांचा कारखाना घातला आणि १९६३ सालीं मोटारीचा. त्याची पहिली विक्रीची गाडी ३५० जीटी ही ग्रँड टूररच होती. दहा-अकरा वर्षांत त्यानें दोन्ही कारखान्यांतून अंग काढून घेतलें आणि उंब्रिया प्रांतांत द्राक्षाचा मळा करून राहिला. ब्राऊन गेला त्याच सालीं, १९९३ मध्यें, तोही गेला.

आतां आपल्याकडे पाहावें. आमच्या माहितीच्या एका गांवीं महामार्गासाठीं जमिनी गेल्या व मोबदल्याचे पैसे एकाच महिन्यांत घरोघर आले. त्या वर्षीं गांवांत नव्या विहिरी किती झाल्या, याची चौकशी आम्हीं केली, दोन. मोटारी एकोणीस आल्या. त्यांतील एका गृहस्थानें तर मोबदला पुरेना म्हणून पाटाखालची सव्वा एकर जमीन विकून मोठी विलासी गाडी घेतली. तिच्यांतून तो बैलगाड्यांच्या शर्यतींस जात असे. शर्यतींस आमचा विरोध नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२३ मध्यें त्यांचा कायदा उचलून धरला हें योग्यच झालें, आणि खिलार जनावर टिकावयाचें तर त्याला धांवण्यास जागा पाहिजे. परंतु शर्यत पाहावयास जाणारानें बैल विकून गाडी घ्यावी हा उलटा न्याय होय. पुढें तीन वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर आली व सव्वा एकराची दुप्पट झाली. ब्राऊननें मोटार घेण्यासाठीं दातेरी चाकांचा कारखाना विकला असता, तर त्याचें नांव आज कोणी घेतलें नसतें.

कोणी म्हणेल, अहो, गाडी ही आतां चैन नव्हे, गरज आहे. खरें आहे, पण गरजेची गाडी कशी असते तेंही इंग्रज शेतकऱ्याकडूनच पाहावें. मॉरिस विल्क्स हा रोव्हर कारखान्याचा अभियंता आपल्या अँगलसी बेटांतील शेतावर युद्धांतील एक जुनी जीप वापरीत असे. ती मोडल्यावर काय घ्यावें, या विचारांतून लँड रोव्हर निघाली. १९४८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती मांडली. पोलादाची टंचाई, म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियमचें. इंजिनाच्या जोरावर चरक, पंप, करवत चालवावी अशी सोय. आंत गादी नांवालाच. पुढें शिकारी श्रीमंतांनीं हीच गाडी उचलली आणि १९७० सालापासून तिची रेंज रोव्हर नांवाची मवाळ बहीण निघाली. आतां तर मजल अशी गेली आहे कीं, रोल्स-रॉइसच्या २०१८ च्या कलिनन गाडींत मागचें दार उघडतांच दोन कातडी खुर्च्या व मेज आपोआप बाहेर येतें, आणि बेंटलीच्या बेंटायगा गाडींत एके वर्षीं मासे धरण्याच्या गळांचा संच, तर दुसऱ्या वर्षीं ससाणा बसवावयाची दांडी निघाली. ससाणा बसावयास दांडी पाहिजे हें आम्हांस मान्य आहे; ती मोटारींतच कां पाहिजे, हें कांहीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

आमच्या देशांत शिकारीच्या मोटारीचा इतिहास याहून कडू आहे. कोट्याचे महाराव उम्मेदसिंह यांच्या १९२५ च्या रोल्स-रॉइस गाडीस वाघाच्या शिकारीसाठीं प्रखर दिवे व बंदुका बसविल्या होत्या. पुष्कळ संस्थानांत शिकारीचीं जनावरें राखीव असत आणि पीक खाणाऱ्या डुकरासही कुणब्यानें हात लावूं नये असा दंडक असे. अलवार संस्थानांत तर १९२१ च्या सुमारास याच कारणावरून शेतकऱ्यांत मोठा असंतोष माजला. १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या महाराजांनीं रात्रीं मोटारींतून जात असतां दिव्याच्या झोतांत सांपडलेले तीन तरुण चित्ते मारले. त्याची हकीकत मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या मासिकांत आली, तेव्हां संपादकांनीं उघड किळस व्यक्त केली. ते हिंदुस्थानांतील अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें, आणि २०२२ सालीं परदेशांतून आठ चित्ते विमानानें आणून कुनोच्या रानांत सोडावे लागले. घोड्यावरून किंवा पायीं जाणारा शिकारी दमतो, चुकतो, परत फिरतो. मोटारीचा दिवा दमत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारच बंद झाली, तें जनावरांच्या दृष्टीनें बरेंच झालें. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावरापुरती परवानगीची तरतूद त्या कायद्याच्या ११ व्या कलमांत आहे, पण ती मिळवितांना रानडुकरें भुईमुगाचें शेत उकरून जातात, हा अनुभव वाचकांस सांगावयास नको.

इंग्लंडांत शिकार आजही चालते. तित्तिराचा हंगाम १ सप्टेंबरला लागतो, फेझंट पक्ष्याचा १ ऑक्टोबरला. दोन्ही १ फेब्रुवारीस संपतात, म्हणजे बहुतेक शिकार पीक निघाल्यावर होते. तेथील कुळानेंही फार सोसलें आहे. अखेर १८८० सालच्या कायद्यानें आपल्या वहिवाटीच्या जमिनींतील ससे मारण्याचा हक्क कुळास मिळाला. तो हक्क करारानें लिहून घेण्याची मालकास मनाई आहे, हें त्यांतील मर्म. पुढें पक्षी व हरणें यांनीं केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाकडून मागण्याचा हक्कही आला. १९०८ च्या कायद्यांत एकरीं एक शिलिंगावर नुकसान झालें तर दावा चाले. १९८६ च्या कायद्यांतही तो हक्क आहे. त्यांत एक अट अशी कीं, नुकसान ध्यानांत आल्यापासून एका महिन्यांत मालकास लेखी कळवावें, आणि पीक कापावयास लागण्यापूर्वीं त्यास तें पाहण्याची वाजवी संधि द्यावी.

ही अट वाचून आम्हांस आमच्या नोकरीचे दिवस आठवले. तीस वर्षें महसूल कचेरींत आम्हीं पिकांच्या नुकसानीचे पंचनामे पाहिले आणि लिहिले. त्यांतील निम्मे केवळ एका कारणानें फुकट जात: शेतकरी आधीं नांगर घालून मोकळा होई आणि मग अर्ज घेऊन येई. चाकोरी बुजलेली, रोपें उचललेलीं. पंचांनीं पाहावें तरी काय? एका प्रकरणांत पाहुण्यांच्या तीन गाड्या हरभऱ्यांतून आडव्या गेल्या होत्या, तळ्यावरचे पक्षी पाहावयास. पाहुणे मोठे, शेतकऱ्यानें आठ दिवस वाट पाहिली कीं कोणी आपण होऊन येईल. कोणी आलें नाहीं. तो कचेरींत आला तेव्हां हरभरा काढून झाला होता. अर्ज निकाली निघाला. काय म्हणून, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या अर्जावर शेरा आमच्याच हातचा होता, आणि तो नियमास धरून होता, हें आठवून आजही बरें वाटत नाहीं.

मोटारीचें नुकसान दिसावयास लहान असतें म्हणून तें कोणी मनावर घेत नाहीं. एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोटारीच्या टायरांत चौरस इंचास सुमारें ३० पौंड हवा असते. ट्रॅक्टरच्या मागल्या मोठ्या चाकांत शेतांत चालतांना त्याच्या निम्मीच. जमिनीच्या वरच्या थरावर येणारा दाब बहुतांशीं टायरांतील हवेवर ठरतो. म्हणून दीड-दोन टनांची गुळगुळीत मोटार वीतभर मातीचें जें करिते, तें तिच्याहून जड ट्रॅक्टर करीत नाहीं. खोलवर बसणारा दाब मात्र एकूण वजनाचा, तेथें ट्रॅक्टरच दोषी. काळ्या जमिनींत वापसा येण्यापूर्वीं असलें चाक गेलें म्हणजे चाकोरी विटेसारखी वाळते, तींत पाणी मुरत नाहीं व मूळ शिरत नाहीं. दोन हंगाम तो पट्टा पिवळा दिसतो. उन्हाळ्यांत भय निराळें. गाडीच्या पोटाखालीं धूर सोडणारी नळी व तिचा डबा फार तापतो, आणि या विलासी गाड्यांचें पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतें. वाळलेल्या गवतांत अशी गाडी उभी केली तर पेट घेण्यास काडी ओढावी लागत नाहीं. कडब्याच्या गंजीशेजारीं पाहुण्यांची गाडी सांवलीस लावून देणारे यजमान आम्हीं पाहिले आहेत.

यावर नेहमींचें उत्तर असें कीं, रस्ता सर्वांचा आहे. नाहीं; सर्वच रस्ते सर्वांचे नसतात. गांवनकाशांत तुटक रेघांनीं दाखविलेली पाणंद किंवा गाडीवाट निराळी आणि बांधावरून मिळालेली वाट निराळी. जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखालीं तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेत कसणारास आपल्या शेतांत जातां यावें म्हणून. औत, गाडी, खत, माल यांच्यासाठीं. त्या वाटेनें कोणी रविवारची सहल काढली, तर ती ज्याच्या बांधावरून गेली त्यानें तोंड मिटून बसण्याचें कारण नाहीं. आणि आपल्यांपैकीं ज्यांनीं शहरांतील लोकांस आठवड्याच्या सुटीसाठीं शेतावरचें घर भाड्यानें देण्याचा जोडधंदा सुरू केला आहे, त्यांनीं तर शेजाऱ्याचा विचार आधीं केला पाहिजे. भाडें आपणांस आणि चाकोरी शेजाऱ्यास, अशी वांटणी फार दिवस चालत नाहीं. तिचीं भांडणें कचेरींत कोणत्या थरास जातात तें आम्हांस ठाऊक आहे.

तेव्हां आमचें म्हणणें सोपें आहे. ज्यास शेताच्या उत्पन्नांतून हौस परवडते त्यानें खुशाल मोठी गाडी घ्यावी. जमीन विकून घेऊं नये. कोणाचीही गाडी, मग ती आमदाराची असो कीं जांवयाची, पक्क्या रस्त्याच्या शेवटीं थांबावी आणि पुढें माणसांनीं चालावें. इंग्लंडांतही शिकारी गाडींतून उतरून शेतांत पायींच जातो. डीबी-५ कांहीं नांगरटींतून चालत नसे. आणि नुकसान झालेंच तर त्याच दिवशीं दोन शेजारी बोलावून चाकोरीची लांबी-रुंदी मोजावी, गट नंबर व पीक लिहावें, सह्या घ्याव्या, हातांतल्या फोनवर बांधाच्या दगडासह छायाचित्र काढून ठेवावें, आणि मगच त्या जागेस औत लावावें. पाहुण्यास राग येईल ही भीति बाळगूं नये. चांगला पाहुणा आपण होऊनच विचारतो.

आमच्या गांवीं पाणंदीच्या तोंडाशीं वडाखालीं सात-आठ गाड्या मावतील एवढी गांवठाणाची जागा बाभळी माजून पडली आहे. ती साफ करून तेथें मुरूम टाकावा असा अर्ज आम्हीं ग्रामपंचायतीस दिला आहे. इतर गांवांच्या सभासदांनींही आपापल्या पाणंदीजवळ अशी जागा आहे कीं नाहीं तें नकाशावर पाहून मृगापूर्वीं कळवावें, म्हणजे संस्थेच्या वार्षिक सभेपुढें सर्व गांवांची मिळून एकच मागणी ठेवतां येईल.